खांद्याची रेघ

लोकांच्या पाठीमागे उभं राहून मी पोट भरते. पाठीमागे बोलत मात्र नाही. जे काय ते तोंडावर सांगते, म्हणून निम्मे विद्यार्थी महिन्याभरात पळून जातात. उरतात ते गोल्फ शिकतात.

आमच्या सरावाच्या मैदानावर ओळीने कप्पे आहेत. प्रत्येकाला तीन बाजूंनी जाळी, खाली हिरवी मॅट आणि समोर मोकळं मैदान. शिकणारा मॅटवर उभा राहतो आणि बॉल जिकडे जायचा त्याच्या बरोबर उलट बाजूला मी कॅमेरा लावते. त्याने क्लब, म्हणजे गोल्फची दांडी, मागे नेली, ती पार वर पोचली, की तिथे चित्र थांबवायचं आणि पडद्यावर बोटाने दोन रेघा ओढायच्या. लाल रेघ दोन्ही खांद्यांमधून. पिवळी रेघ डाव्या हातावरून, खांद्यापासून मनगटापर्यंत. आमच्या घराचा धर्म एवढाच की पिवळी लालवर बसली पाहिजे. हात आणि खांदे एकाच उतारावर आले की पुढे फार काही करावं लागत नाही. अंग वळतं, हात त्याच्याबरोबर येतो, बॉल सरळ जातो. दुसऱ्या पद्धतीही आहेत. हात खांद्यापेक्षा उंच नेणारे पुष्कळ जण उत्तम खेळतात. खेळोत बापडे. आमच्याकडे ते चालत नाही.

ही पद्धत वडिलांची. तेही इथेच शिकवायचे. त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता, नुसते डोळे होते आणि एक लांब काठी होती. ती ते शिकणाऱ्याच्या खांद्यांवर आडवी धरायचे आणि म्हणायचे, "हात हिच्या वर नको, खाली नको. शेजाऱ्याशी वागतो तसं वागा, ना डोक्यावर चढायचं, ना पाया पडायचं."

नवख्यांचा हात बहुधा वर जातो. दातांचे एक डॉक्टर माझ्याकडे येतात, त्यांचा हात असा उंच जातो की छताचं जळमट काढतायत असं वाटतं. कधी कुणाचा खाली राहतो, पण तो आळस असतो किंवा वाईट सवय. चार दिवस ओरडलं की सुटते. ओरडूनही वर न आलेला हात मी आयुष्यात एकच पाहिला होता, आणि तो वडिलांचा.

माझा भाऊ माझ्याहून बराच लहान. घरात तो बारक्या. आता सहा फूट उंच आहे, आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून येताना मान वाकवतो, तरी बारक्याच. शिकवण्यात त्याला रस नाही, तो खेळतो. वडिलांनंतर त्याला मीच शिकवत आले. यंदा पात्रता स्पर्धेतून तो पुढे गेला असता, तर वर्षभर मोठ्या खेळाडूंबरोबर खेळायला मिळणार होतं. मागच्या दोन्ही वेळी हातातोंडाशी आलेला घास गेला होता. या वेळी जायचंच, असं त्याने ठरवलं होतं आणि मी त्याच्याहून जास्त ठरवलं होतं.

स्पर्धा दोन महिन्यांवर आली तेव्हा एका सकाळी मी त्याचं चित्र थांबवलं, लाल रेघ ओढली, पिवळी ओढली, आणि पिवळी लालच्या खाली राहिली.

मी पुसून पुन्हा ओढली. ती पुन्हा खालीच राहिली.

वडिलांचं असंच सुरू झालं होतं. ते करून दाखवत होते आणि हात खांद्याच्या खाली राहिला. "वय झालं आता," असं हसून म्हणाले. आम्हीही हसलो. मग हातातून कप सुटू लागला. मग शर्टाची बटणं लागेनात. मग मान धरेना. अंगातले स्नायू एकेक करून झडत जाणारा आजार होता तो, आणि डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख. त्यांना सगळं कळत होतं, हेच सगळ्यात वाईट होतं. डॉक्टर आम्हाला म्हणाले होते, बहुतेक घरांत हा आजार पुढे उतरत नाही, काही घरांत उतरतो. 'बहुतेक' हा शब्द आईने धरून ठेवला. मी 'काही' हा शब्द धरून बसले. आजही रोज सकाळी दात घासताना मी आरशासमोर डावा हात खांद्याएवढा उचलून धरते आणि तो थरथरतो का ते बघते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

खरं तर त्याच सकाळी बोलायला हवं होतं. पण जन्मात पहिल्यांदा मी जीभ आवरली, आणि तीही नको तिथे.

"हात खाली राहतोय," एवढंच म्हणाले. "आळशी झालायस."

"तुझी जीभ मात्र कध्धी खाली राहत नाही ताई," बारक्या म्हणाला.

"हसू नकोस. उद्यापासून दोन्ही काखेत टॉवेल धरून शंभर वेळा. मग भिंतीजवळ उभं राहून. मग रबराचा पट्टा बांधून."

"फाशी कधी देणार?"

"स्पर्धा हरलास की."

तो हसला, मीही हसले. भीती वाटत असली की मी जास्तच खेकसते, हे त्याला ठाऊक आहे. त्याने काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. फटक्यातली चूक आहे, असं आम्ही दोघांनी न बोलता ठरवून टाकलं. चूक म्हटली की दुरुस्त करता येते.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पिवळी रेघ कधी केसभर वर आली की दिवसभर मी सगळ्यांशी गोड बोलायचे. दातांचे डॉक्टर घाबरून म्हणाले, "मॅडम, बरं आहे ना?" रेघ खाली राहिली की रात्री जेवण जायचं नाही. आई म्हणायची, "स्पर्धा त्याची आहे, तू का सुकतेयस?"

आणि मग एक दिवस रेघा जुळल्या.

मी चित्र थांबवलं, लाल ओढली, पिवळी ओढली, तर पिवळी लालवर बरोब्बर बसलेली. दुसऱ्या फटक्यात तेच. तिसऱ्यातही तेच. मी मॅटवर जाऊन त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की तो कळवळला.

"जुळल्या रे मेल्या!"

"मग? टॉवेल धरून धरून काखेत केस राहिले नाहीत माझ्या."

"आणि उभा किती छान राहतोस हल्ली. अगदी ताठ. पूर्वी केवढा वाकायचास."

तो खाली बघून बॉल मॅटवर ठेवत राहिला. मला वाटलं, लाजला. मी त्या संध्याकाळी घरी जाताना रस्त्यात एकटीच मोठ्यांदा गाणं म्हणत होते आणि एक बाई वळून बघत होती.

बॉल मात्र आखूड पडत होते. सरळ जायचे, पण पूर्वी जिथे पोचायचे त्याच्या बरेच अलीकडे. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी विद्यार्थ्यांना उठता बसता ऐकवते. त्या आठवड्यात मी स्वतः वाऱ्याला दोष दिला, झिजलेल्या मॅटला दिला, जुन्या बॉलना दिला. नवे बॉल आणले. तेही आखूड पडले. पण रेघा जुळत होत्या ना! रेघा जुळल्यावर सगळं ठीक असतं, हे मी वीस वर्षं लोकांना शिकवत आले होते. माझाच माझ्या बोलण्यावर विश्वास बसलेला होता.

रविवारी सकाळी आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती आणि मी चिमटे देत होते.

"या बारक्याचं काहीतरी नवीनच," आई म्हणाली. "डोक्यावरून घालायचे टी-शर्ट नकोत म्हणतो. कपाटात ढीग पडलाय. सगळे पुढून उघडणारे शर्ट हवेत. खेळायलासुद्धा तेच. म्हटलं, अरे, एवढे चांगले टी-शर्ट, तर म्हणे उकडतं. तुझे बाबाही शेवटी शेवटी..."

ती थांबली. हातातला शर्ट दोरीवर टाकायचा राहिला. मी तिच्याकडे बघितलं नाही आणि तिने माझ्याकडे बघितलं नाही. मग तिने तो शर्ट झटकला, नीट टाकला, बाही सरळ केली, आणि म्हणाली, "चिमटा दे."

मी चिमटा दिला.

मी तडक मैदानावर गेले. रविवारी दुपारपर्यंत कुणी नसतं. पडदा लावला आणि त्याची दोन चित्रं शेजारी शेजारी उघडली, एक मागच्या वर्षाचं आणि एक परवाचं. परवाच्या चित्रातल्या रेघा जुळलेल्याच होत्या. पण आता मी दोन रेघा एकमेकींशी जुळवून बघत नव्हते. मी परवाची पिवळी मागच्या वर्षीच्या पिवळीशी लावून बघितली.

हात वर आलाच नव्हता. जिथे खाली राहिला होता तिथेच होता, उलट किंचित आणखी खाली. खाली आली होती ती लाल रेघ. तो कमरेतून वाकत नव्हता, ताठ उभा राहत होता, आणि ताठ माणसाचे खांदे आडवे फिरतात. हात खांद्यापर्यंत पोचत नव्हता म्हणून त्याने खांदे हातापर्यंत आणले होते. आणि मी, वीस वर्षं मास्तरीण, त्याच्या पाठीत धपाटा घालून म्हणाले होते, छान उभा राहतोस.

मी तिथेच मॅटवर बसले. मला रडू आलं नाही. मला इतकी भीती वाटत होती की रडायला जागाच नव्हती.

बारक्या सरावाला आला तेव्हा पडद्यावर दोन्ही चित्रं तशीच होती. त्याने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पिशवी खाली ठेवली. उजव्या हाताने.

"मॅटवर उभा राहा," मी म्हणाले. "पूर्वीसारखा वाक. तसाच मार एक."

"ताई, आज नको."

"मार म्हणते ना."

तो वाकला. पूर्वीसारखा, वडिलांनी शिकवला तसा. क्लब मागे नेला. खांदे वळले, छान वळले, आणि हात अर्ध्यावर थांबला. मला कॅमेरा लागला नाही. डावं कोपर मोडलं, क्लबचं टोक डुगडुगलं, आणि तो खाली येऊन बॉलला कसाबसा लागला. बॉल बाजूच्या जाळीत जाऊन अडकला.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"बारक्या, मी तुझी थोरली बहीण आहे. माझ्याशी वेड पांघरू नकोस."

त्याने क्लब जाळीला टेकवून ठेवला. "तूच म्हणालीस रेघा जुळल्या पाहिजेत. जुळवल्या."

"मी हात वर आण म्हणाले होते!"

"येत नाही तो वर!" तो ओरडला. तीन कप्पे पलीकडे जाळीवर बसलेले पक्षी उडाले. मग तो हळू आवाजात म्हणाला, "येत नाही ताई. रोज रात्री अंथरुणावर पडून बघतो. झोपून येतो. उभ्याने येत नाही."

"मग डॉक्टरकडे का गेला नाहीस?"

"तू का नाही नेलंस? पहिल्या दिवशीच कळलं होतं तुला. रेघ पुसून परत ओढलीस. मी बघत होतो."

मी जमिनीकडे बघत म्हणाले, "मला भीती वाटते रे."

"आणि मला काय मजा वाटते?"

आम्ही दोघं मॅटच्या कडेला बसलो. तो डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर घेऊन बसला होता. तसा तो किती दिवस बसत असेल आणि मी बघितलं नसेल, कोण जाणे. माझं सगळं लक्ष पडद्यावर.

"स्पर्धा झाली की जाणार होतो," तो म्हणाला. "डॉक्टरांनी नाव घेतलं की संपलं. तोवर नुसता हात दुखतोय. खांदा लचकला असेल, नस दबली असेल, काहीही असेल. एकदा खेळून घेतलं असतं."

"असा हात घेऊन?"

"रेघा जुळत होत्या ना," तो म्हणाला, आणि हसण्याचा प्रयत्न केला.

"नस दबलेलीही असेल," मी म्हणाले. "तेही असू शकतं."

"असू शकतं."

"मग दाखवायला काय हरकत आहे?"

"आईला कळेल."

"आईला कळलंय," मी म्हणाले. "तुझे कपडे ती धुते. टी-शर्ट का नकोत ते तिला कळलंय."

हे ऐकून मात्र तो खचला. इतके दिवस ताठ ठेवलेली पाठ एकदम वाकली. तोंडावर उजवा हात धरून तो तसाच बसला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. लहानपणी पडला झडला की फिरवायचे तसा.

"उद्या जाऊ," शेवटी तो म्हणाला. "पण आईला आणायचं नाही. तूच चल."

नसांच्या आजारांच्या डॉक्टर एका उंच इमारतीत बसत. बाहेर खुर्च्यांची रांग आणि आवाज बंद केलेला टीव्ही. आमच्या आधी एक आजोबा होते, त्यांची सून त्यांच्या तोंडाला रुमाल लावत होती. बारक्या त्यांच्याकडे बघायचं टाळत टीव्हीवरचं हवामान बघत होता. मी मनात सारखं घोकत होते, नस दबलेली असू दे, नस दबलेली असू दे. मी देवाचं फार करणारी नाही, पण त्या खुर्चीवर बसून मी कुणाकुणाला काय काय कबूल केलं ते सांगायची सोय नाही.

डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या असाव्यात. आवाज शांत, घाई नाही. त्यांनी वडिलांबद्दल विचारलं, मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, चेहऱ्यावर काहीच दिसू दिलं नाही. मग बारक्याला शर्ट काढून स्टुलावर बसायला सांगितलं. मी त्याच्या मागे उभी राहिले.

"दोन्ही हात बाजूने वर उचला. खांद्याएवढे. आणि धरून ठेवा."

त्याने उचलले. दोन्ही हात एका रेषेत आले. माझा जीव भांड्यात पडला, अगदी क्षणभर. मग दिसलं की तो उजवीकडे झुकलाय आणि डावा खांदा पार कानाला टेकलाय.

डॉक्टरांनाही ते लगेच दिसलं. "खांदा नको. फक्त हात."

त्याने हात खाली घेतले, पुन्हा उचलले. पुन्हा खांदा कानाला. तो मुद्दाम करत नव्हता. इतके दिवस अंगाला तीच सवय लावली होती, आता अंग त्याचं ऐकत नव्हतं.

"सॉरी," तो म्हणाला. "परत करतो."

"असू दे. तुम्ही बहीण ना?" डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या. "यांचा डावा खांदा वरून धरा. घट्ट. मला दंडाचा स्नायू हाताने बघायचाय. खांदा अजिबात वर येऊ देऊ नका."

मी पुढे झाले आणि तळवा त्याच्या खांद्यावर ठेवला. लहानपणापासून शिकवताना हजारदा धरलेला खांदा. पूर्वी तिथे भरीव गोळा लागायचा. आता तळव्याखाली खड्डा लागला. आणि कातडीच्या आत काहीतरी फडफडत होतं, थांबायचं, पुन्हा फडफडायचं. वडिलांना मी अंघोळ घालायचे तेव्हा त्यांच्या दंडाला हेच लागायचं. डॉक्टरांच्या आधी माझ्या हाताला कळलं.

"उचला," डॉक्टर म्हणाल्या.

हात निघाला. मांडीवरून उठला, बरगडीपर्यंत आला, थरथरत आणखी थोडा वर आला आणि तिथे अडला. माझ्या तळव्याखालचा खांदा वर यायला धडपडू लागला. त्याला जोर लावावा लागत होता आणि मलाही. त्याच्या मानेवर घाम आला.

"ताई," तो पुढे बघतच हळूच म्हणाला, "सोड ना जरा. थोडाच राहिलाय."

सोडला असता तर हात वर गेला असता. मी दाबून धरला. हात दोन क्षण हवेत थरथरला, मग खाली येऊन त्याच्या मांडीवर पडला.

"बस, झालं," डॉक्टर म्हणाल्या. "आता सोडलात तरी चालेल."

मी सोडला नाही.